श्रेय जाहिरातीचे, संमती कोणाची?

दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला ‘आमचे नाव कोठून कळले?’ असे विचारणे ही व्यापारातील जुनी रीत आहे. गिऱ्हाईकही त्यात काही वावगे मानीत नाही. वाटले तर सांगतो, नाही तर हसून पुढच्या खरेदीला लागतो. ऑनलाइन दुकानांनी मात्र हा प्रश्न विचारणेच सोडून दिले आहे, कारण त्याचे उत्तर त्यांना न विचारता मिळते. गिऱ्हाईक कोणत्या जाहिरातीवरून आले, त्यापूर्वी कोठे रेंगाळले, कोणती वस्तू पाहून परत गेले आणि किती दिवसांनी पुन्हा आले, याची बारीक नोंद त्याच्या नकळत होत असते. विक्रीचे श्रेय कोणत्या जाहिरातीला द्यावयाचे हे ठरविण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आज उभे राहिले आहे. या शास्त्राला लागणारी माहिती ज्याच्या आयुष्यातून उचलली जाते, त्या गिऱ्हाइकाची संमती कोणी आणि कशी घेतली, हा प्रश्न मात्र बराच काळ कोणालाही पडला नव्हता.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचे नियम अधिसूचित केल्यामुळे हा प्रश्न आता कायद्याच्या कक्षेत आला आहे. मूळ कायदा ऑगस्ट २०२३ मधला. त्यातील संमतीविषयक मुख्य तरतुदी अमलात येण्यासाठी नियमांच्या प्रसिद्धीपासून अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठेवण्यात आली. मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू ग्राहकाला याचे महत्त्व असेल. पण पालघर जिल्ह्याच्या डोंगरी टोकाला वसलेल्या जव्हार-मोखाड्याला त्याचे काय, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः संमती म्हणजे काय, याची खरी परीक्षा अशाच तालुक्यांत होणार आहे.

कूपनापासून कुकीपर्यंत

जाहिरातीवर खर्च केलेल्या पैशाचे नेमके काय झाले हे जाणून घेण्याची व्यापाऱ्याची इच्छा गैर नाही. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. ची सोय सुरू केल्यावर पुस्तके, औषधे, घड्याळे यांच्या जाहिराती देशभर जाऊ लागल्या आणि वस्तू हाती पडल्यावर पोस्टमनजवळ पैसे मोजण्याची सवय लोकांना लागली. कोणत्या नियतकालिकातील जाहिरात फळली हे ओळखण्यासाठी तेव्हा एक साधी युक्ती सर्वत्र वापरीत. प्रत्येक नियतकालिकात पत्ता किंचित बदलून द्यावयाचा, किंवा कापून पाठवावयाच्या कूपनावर वेगळी खूण छापावयाची. अमेरिकेतील जाहिराततज्ज्ञ क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात अशा कूपनांच्या मोजणीलाच जाहिरातशास्त्राचा पाया मानले. या पद्धतीचा विशेष असा, की कूपन नियतकालिकाविषयी सांगत असे, वाचकाविषयी नव्हे. वाचकाने ते स्वतः कापून, स्वतः तिकीट लावून पाठविलेले असे. त्याची संमती त्या कृतीतच सामावलेली होती.

१९९४ मध्ये नेटस्केप या कंपनीतील ल्यू माँटुली यांनी ‘कुकी’ नावाची क्लृप्ती शोधली. तिचा मूळ हेतूही निरुपद्रवी होता. इंटरनेटवरील दुकानाला गिऱ्हाईक एका पानावरून दुसऱ्या पानावर गेले, की त्याची ओळख राहत नसे. टोपलीत टाकलेली वस्तू लक्षात राहावी म्हणून दुकानाने गिऱ्हाइकाच्या यंत्रावर एक छोटी चिठ्ठी ठेवावी, एवढीच कल्पना. पुढे या चिठ्ठ्या दुकानदाराऐवजी जाहिरात कंपन्या ठेवू लागल्या. एकच कंपनी हजारो संकेतस्थळांवर हजर असल्याने तिला आपली चिठ्ठी सर्वत्र वाचता येऊ लागली, आणि टोपलीच्या आठवणीसाठी निघालेली युक्ती माणसाच्या फिरण्याची डायरी झाली.

समजा, मोखाड्याच्या एखाद्या आश्रमशाळेतील शिक्षकाने स्पर्धापरीक्षेचे पुस्तक मागविले. सोमवारी त्याने समाजमाध्यमावर त्या पुस्तकाची जाहिरात पाहिली, तिच्यावर बोट ठेवले आणि किंमत पाहून तो परतला. त्या जाहिरातीच्या दुव्याला शेपटी असते. जाहिरात कोठे होती, कोणत्या प्रकारची होती, कोणत्या मोहिमेतील होती, हे त्या शेपटीत लिहिलेले असते. दुकानाच्या पानावर एका ठिपक्याएवढे अदृश्य चित्र असते. ते उघडताच शिक्षक आल्याची वर्दी जाहिरात कंपनीला पोहोचते. बुधवारी तेच पुस्तक त्याला बातम्यांच्या पानावर पुन्हा दिसते. शुक्रवारी तो दुकानाचे नाव स्वतः शोधतो, पहिला दुवा दाबतो आणि पुस्तक मागवितो. पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक आणि पिनकोड तो स्वतःच्या हाताने भरतो. पुस्तक घरी यावयाचे तर ते आवश्यकच आहे. परंतु सोमवार ते शुक्रवारची जी कहाणी त्याच्या नावापुढे जोडली गेली, ती त्याने कोणालाही सांगितलेली नसते.

हिशेब ठेवणाराच लाभार्थी

आता या विक्रीचे श्रेय कोणाला? सोमवारच्या जाहिरातीला, बुधवारच्या आठवणीला की शुक्रवारच्या शोधाला? काही पद्धती सर्व श्रेय शेवटच्या स्पर्शाला देतात, काही पहिल्याला, तर काही सर्वांना सारखे वाटून टाकतात. अलीकडे हे वाटप जाहिरात कंपन्यांची गणिती यंत्रेच करतात आणि ते कसे केले हे दुकानदारालाही पुरते कळत नाही. ज्याने जाहिरात विकली तोच तिच्या यशाचा हिशेब लिहितो. कुंपणानेच शेताचा पंचनामा करावा, तसा हा प्रकार आहे.

हा हिशेब किती फसवा असू शकतो, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ईबे या मोठ्या ऑनलाइन बाजाराने २०१२ मध्ये शोधयंत्रावरील स्वतःच्याच नावाच्या जाहिराती काही काळ बंद करून पाहिल्या. नोंदवहीप्रमाणे या जाहिरातींमुळे मोठी विक्री होत होती. प्रत्यक्षात त्या बंद केल्यावर जवळजवळ सर्व गिऱ्हाईक जाहिरातीशेजारच्या फुकटच्या दुव्यावरून नेहमीसारखेच आले. टॉम ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. दारात उभ्या असलेल्या माणसाने आत जाणाऱ्या प्रत्येकाला पत्रक द्यावे आणि मग सगळे गिऱ्हाईक आपणच आणले म्हणून दलाली मागावी, असा हा व्यवहार होता.

ईबेसारख्या कंपनीला असला प्रयोग करणे परवडते. जव्हारच्या वारली चित्रकाराला किंवा मोखाड्याच्या महिला बचत गटाला ते परवडत नाही. चित्रे, बांबूच्या वस्तू किंवा काजू यांची ऑनलाइन विक्री करावयाची तर जाहिरातीला पैसे मोजावे लागतात, आणि हजार-दोन हजारांच्या त्या खर्चाचे फळ काय, हे त्यांना जाहिरात कंपनीच्याच आकड्यांवरून मानावे लागते. तेव्हा माग काढण्याची ही व्यवस्था ग्राहकाच्या गळ्यात आहे तशीच लहान विक्रेत्याच्याही गळ्यात आहे, हे विसरून चालणार नाही.

‘मान्य आहे’ या दोन शब्दांचे मोल

ग्राहकाची संमती घेतली जाते, असे उत्तर यावर मिळते. संकेतस्थळ उघडताच एक पाटी येते; तिच्यावर ‘मान्य आहे’ असे ठळक रंगीत बटण असते. नकाराचे बटण शोधावे लागते. कधी ते दुसऱ्या पानावर असते, तर कधी नसतेच. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘प्लॅनेट ४९’ या खटल्यात स्पष्ट केले, की आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. पुढे फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. होकाराला एक टिचकी पुरत होती आणि नकाराला अनेक लागत होत्या, हा त्यांचा अपराध.

आपल्याकडेही विचार पुढे गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकवून होकार मिळविणाऱ्या तेरा युक्त्यांची यादीच अधिसूचित करून त्यांना मनाई केली. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विवक्षित, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. ती स्पष्ट कृतीतून व्यक्त झाली पाहिजे. आणि दिली तितक्याच सहजतेने परत घेता आली पाहिजे. पुस्तक घरपोच मिळावे म्हणून दिलेला पत्ता ही पाळतीला दिलेली संमती ठरत नाही. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास या कायद्याने मनाई केली असून मुलांसंबंधीच्या जबाबदाऱ्या मोडणाऱ्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा दिली पाहिजे, असेही कायदा सांगतो.

कागदावर हे सर्व उत्तम आहे. परंतु ही भाषा जव्हार-मोखाड्यात नेऊन पाहिली, की तिच्यातील फटी दिसू लागतात. या तालुक्यांत बहुसंख्य वस्ती वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या आदिवासी जमातींची आहे. आठव्या अनुसूचीत मराठी आहे. वारली, कोकणा किंवा कातकरी बोली नाहीत. दुसरी अडचण याहून मोठी. कायद्याच्या कल्पनेतील ग्राहक एकटा असतो, त्याचा भ्रमणध्वनी त्याचा एकट्याचा असतो. पाड्यावरील घरात एकच यंत्र बाप, आई, शाळकरी मुलगा आणि शेजारी यांच्या हातून फिरते. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गेले, की ते यंत्रही भिवंडी-वसईकडे जाते. एकाने दाबलेला ‘मान्य आहे’ सर्वांना लागू होतो. जाहिरात कंपनीच्या वहीत या चौघांचा मिळून एक माणूस तयार होतो. तो खत शोधतो, परीक्षेचा निकाल पाहतो, दुखण्यावर औषध विचारतो आणि कर्जाची चौकशी करतो. मुलांच्या संरक्षणाचे कलम अशा यंत्रावर कसे राबविणार, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

कर्जाचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. नडलेला माणूस कोण, हे ओळखणे हीच या सगळ्या मागोव्यातील सर्वांत किमती माहिती आहे. कर्ज देणाऱ्या अॅपनी ऋणकोच्या भ्रमणध्वनीतील नावांची यादी उचलून त्याच्या नातलगांना धमकावल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. अखेर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा याद्यांना हात लावण्यास मनाई केली. त्या अॅपनीही ‘संमती’ घेतलेलीच होती.

अंगठ्याचा जुना धडा

संमतीचा कागद आणि खरी संमती यांतील अंतर महाराष्ट्राला नवीन नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी मुख्यतः सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. ज्या कागदांवर त्यांनी अंगठे उठविले होते त्यांत काय लिहिले आहे हे त्यांना कधी कळलेच नव्हते. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर लिहिला जावा, अशी व्यवस्था केली. नुसता अंगठा पुरेसा नाही, तो उठविताना माणसाला मजकूर समजला पाहिजे, हे तत्त्व सरकारने तेव्हाच मान्य केले होते. १८७२ च्या करार कायद्यातही दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती, अशी व्याख्या आहे. ‘मान्य आहे’ दाबणारा मोखाड्याचा तरुण आणि ती पाटी लिहिणारा परदेशातील वकील यांना एकच गोष्ट एकाच अर्थाने अभिप्रेत असते, असे कोण म्हणेल?

जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव-डहाणू भागात लग्नापुरत्या कर्जापायी नवरा-बायकोला सावकाराच्या घरी आयुष्यभर राबावे लागे. त्या लग्नगड्यांनी आणि वेठबिगारांनी गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये उठाव केला. लग्नगड्यानेही कर्ज घेताना होकार दिलेलाच असे. पुढे १९७४ मध्ये महाराष्ट्राने जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करून आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकणार नाही, असा निर्बंध घातला. त्यामागचा विचार स्पष्ट होता. जेथे एका बाजूला गरज आणि दुसऱ्या बाजूला सारे ज्ञान असते, तेथे दुर्बळाच्या होकारावर सर्व भार टाकणे न्याय्य नव्हे. काही गोष्टी होकार मिळाला तरी घेता येऊ नयेत. माहितीच्या व्यवहारालाही हाच विचार लावावा लागेल.

श्रेयाचा दुसरा हिशेब

या भागाच्या संदर्भात श्रेय या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. वारली चित्रकला मुळात लग्नाच्या वेळी सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढावयाचा चौक. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ती कागदावर उतरली आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी तिला जगभर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. २०१३-१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंदही झाली. तरीही कोणत्याही मोठ्या ऑनलाइन दुकानात वारली नक्षीच्या चादरी, पेले, पिशव्या शोधाव्यात. बहुतेकांवर चित्रकाराचे नाव नसते, गावाचे नसते, पुष्कळदा ती नक्षी यंत्राने छापलेली असते. एका पिशवीच्या विक्रीत कोणत्या जाहिरातीचा किती वाटा, हे काढणारी यंत्रणा सज्ज आहे. ती तारप्याभोवतीची नाचणारी ओळ मुळात कोणाच्या अंगणातून आली, हे नोंदविणारा रकाना मात्र तिच्यात नाही. मोजण्याची शक्ती नाही असे नव्हे, तेथे मोजण्याची इच्छा नाही.

करता येण्यासारखे

या निर्बंधांनी लहान व्यापारी बुडेल, असा आक्षेप घेतला जातो. अॅपलने एप्रिल २०२१ पासून आपल्या भ्रमणध्वनीवर ‘तुमचा माग काढू द्यावा काय?’ असे प्रत्येक अॅपला विचारावयास लावले. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, फेसबुकने अमेरिकेतील वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन लहान व्यापाऱ्यांची बाजू मांडली होती. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये, या बदलामुळे त्या वर्षी आपले सुमारे दहा अब्ज डॉलरचे नुकसान होईल, असे त्याच कंपनीने सांगितले. लहान व्यापाऱ्यांच्या कळवळ्यामागे स्वतःची चिंता किती होती, ते या आकड्यावरून दिसते. तथापि आक्षेपात तथ्यांश आहे. लहान विक्रेत्याला आपले गिऱ्हाईक कोठून येते हे कळले पाहिजे.

त्यासाठी माणसाच्या पाठीवर असण्याची गरज नाही. सवलतीचे सांकेतिक शब्द प्रत्येक जाहिरातीत वेगळे द्यावेत. जुन्या कूपनाचेच ते नवे रूप आहे. मागणी नोंदविताना ‘आमचे नाव कोठे पाहिले?’ असा ऐच्छिक प्रश्न विचारावा. आठवडाभर जाहिरात बंद ठेवून विक्रीत फरक पडतो का, हे पाहावे. कोणत्या दुव्यावरून एकूण किती लोक आले याची बेरीज ठेवावी, व्यक्तींची यादी ठेवू नये. पाटीवर होकार आणि नकार ही दोन्ही बटणे सारख्या आकाराची, शेजारी शेजारी आणि साध्या मराठीत असावीत. नकार देणाऱ्याला वस्तू तितक्याच दराने मिळावी. हे करावयास मोठे भांडवल लागत नाही.

सरकारकडून दोन अपेक्षा आहेत. विदा संरक्षण मंडळाकडे तक्रार करण्याचा मार्ग इंटरनेटवरूनच जातो; जेथे नेटवर्कसाठी माणसाला टेकडी चढावी लागते, तेथे तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत ती तक्रार लिहून घेण्याची सोय हवी. १८७९ च्या कायद्याला ग्राम-निबंधकाची गरज कळली होती, ती आज कळण्यास हरकत नसावी. दुसरे असे, की एकाच यंत्रावर अनेक जण अवलंबून आहेत हे गृहीत धरून जाहिरातीसाठी माग काढणे मुळातच बंद आणि मागितल्यास सुरू, असा नियम व्हावा.

उरते ते काम शिक्षकांचे. आश्रमशाळेतील आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला घरातले सर्वजण पाटी वाचून दाखवावयास सांगतात. घरातील ‘मान्य आहे’ पुष्कळदा त्याच्याच बोटाने दाबले जाते. त्याला अर्ज कसा भरावा हे शिकविले जाते. कोणता अर्ज भरू नये, कोणती चौकट मोकळी सोडावी आणि ‘नाही’ कोठे लिहिलेले असते, हेही त्याला शिकविले पाहिजे. त्याच्या आजोबांच्या पिढीला अंगठा उठविण्यापूर्वी कागद वाचून दाखविणारे कोणी नव्हते. हा मुलगा स्वतः वाचू शकतो. त्याच्यापुढे ठेवलेला कागद वाचण्याजोगा असावा, एवढी जबाबदारी दुकानदाराने आणि कायद्याने पार पाडावयाची आहे.